त्र्याण्णवला उकळलेलं पाणी

३ मार्च, मंगळवार

आजचाही घाणा दगड झाला.

काल संध्याकाळी टॉफी म्हणून ओतली, आज सकाळी फरशी म्हणून निघाली. सुरी चालेना. ठकूने सुरीच्या पाठीवर लाटणं हाणलं, तर सुरी वाकली. टॉफी जिथल्या तिथे. जावईबापूंनी एक तुकडा तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाले, "बाबा, हा कामावर नेतो. रोपवेच्या दोन फेऱ्या होईपर्यंत पुरेल."

ते रोपवेच्या मोटारीवर मेकॅनिक आहेत. एरवी नवऱ्याच्या फुटकळ विनोदालाही ठकू हसते. आज नाही हसली. वाकलेली सुरी घेऊन मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

४ मार्च, बुधवार

महिना झाला मला इथे डोंगरावर येऊन. आलो तेव्हा रुबाब काय होता! पोरीने स्वतः फोन करून बोलावलं होतं — "बाबा, दहातले सहा घाणे जमतात, चार बिघडतात. पाक कळत नाही मला. तुम्ही या." मग काय, चौतीस वर्षं गोळ्या-टॉफीच्या कारखान्यात कढईवर काढलेला माणूस मी. पिशवीत दोन सदरे, चष्मा आणि निळी वही घालून निघालो. सगळी हयात समुद्राकाठी सपाटीवर गेली, इथला घाट चढताना गाडी दर वळणाला हेलकावे खात होती, पण वही मांडीवरून हलवली नाही.

त्या वहीत माझे आकडे आहेत. मऊ टॉफी एकशे अठरा अंश. लिंबाची कडक गोळी एकशे पन्नास. मी सातवीत शाळा सोडली. कारखान्यात तेव्हा म्हातारे उस्ताद गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटाने चाचपायचे. थर्मामीटर आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मी मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक घरी नेलं, शब्दकोश घेऊन बसलो, तीन महिने डोकं फोडलं. हिने तेव्हा म्हटलं होतं, "एवढा अभ्यास लग्नाआधी केला असतात तर माझ्या वडिलांनी जास्त कौतुक केलं असतं." पण वाचून काढलं. त्या मजल्यावर आकडा वाचणारा पहिला माणूस मी.

आणि आता हिशेब असा, की मी येण्याआधी दहातले सहा जमत होते. मी आल्यापासून दहापैकी दहा दगड. सगळे एकसारखे. कारखान्यात याला शिस्त म्हणायचे.

७ मार्च, शनिवार

ठकू कढईपाशी. साखर, दूध, लोणी, ग्लुकोजचा रस, चिमूटभर मीठ. मी स्टुलावर, थर्मामीटर हातात. एकशे दहा झाले.

"बाबा, काढू का? बुडबुडे बघा किती जाड झालेत. आवाजही बदललाय."

"बुडबुड्यांना काय कळतं? आकडा बघ."

एकशे बारा.

"बाबा, हा आता घट्ट होणार. मला हाताला लागतंय."

"हाताला लागून पाक झाला असता तर मला कारखान्याने पगार कशाला दिला असता? ढवळ."

एकशे अठरा. काढला, ओतला. संध्याकाळपर्यंत दगड.

मी सहज म्हटलं, "ठकू, एकेकाचा हात असतो पाकाचा, एकेकाचा नसतो. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही." ती "हं" म्हणाली आणि ट्रे घासायला घेतला. जरा जास्तच जोरात घासत होती.

९ मार्च, सोमवार

आज तिने स्वतःच विषय काढला. ती मोजणी कचेरीत नकाशे काढते, म्हणजे काढायची. वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन हे टॉफीचं सुरू केलं. कचेरीचं पत्र आलंय — एकतीस मार्चच्या आत कळवा, येताय की नाही. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला. हो म्हटलं तर हिला खाली शहरात खोली घेऊन राहायचं, नवरा इथे वर, आठ तासांचं अंतर. आधीची दहा वर्षं असंच चाललं होतं. महिन्यातून दोन दिवसांचा संसार.

सव्वीसला रोपवेच्या वरच्या स्टेशनवरच्या दुकानात नमुना दाखवायचा आहे. मऊ टॉफी हवी आहे त्यांना. तो नमुना पसंत पडला तर इथे राहायचं, नाहीतर कचेरी.

"तसंही बाबा," ती कपबशा गोळा करताना म्हणाली, "नकाशे मला येतात."



१० मार्च, मंगळवार

दगड.

१२ मार्च, गुरुवार

चोर सापडला! थर्मामीटर.

चहाचं आधण उकळत होतं, आणि आपलं काय मनात आलं कोण जाणे, त्यात थर्मामीटर बुडवला. पाणी खळाखळा उकळतंय आणि काटा त्र्याण्णववर. पुढे सरकेचना. पाणी शंभराला उकळतं हे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणजे हा सात अंश खोटं बोलतोय! आणि आम्ही महिनाभर याच्या तोंडाकडे बघत बसलोय.

ठकू म्हणाली, "सात कमी दाखवतोय ना, मग तेवढे धरून चालू."

मी म्हटलं, छे. कारखान्याचा पहिला नियम — खोटा थर्मामीटर दुरुस्त करायचा नाही, हिशेबात धरायचा नाही, फेकायचा. आज सात खातो, उद्या नऊ खाईल. बाजारात जाऊन नवा आणला. दुकानदाराला चांगलं झापलं, जुना त्याच्याच दुकानातला होता. तो बिचारा म्हणत होता, "आजोबा, इथे सगळ्यांचे असेच दाखवतात." मी म्हटलं, सगळ्यांना तुम्हीच विकलेत ना?

जेवण दोन घास जास्त गेलं.

१४ मार्च, शनिवार

नव्या थर्मामीटरवर घाणा. एकशे अठरा, टिपून. मनात मांडे खात बसलो होतो.

दगड. याआधीच्या सगळ्यांना लाजवेल असा.

ठकूने बोटाने ठोकून बघितला. ट्रे तसाच उचलून मागच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, थर्मामीटर बरोबर आहे. मला जमत नाही, एवढंच आहे ते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१५ मार्च, रविवार

सकाळी सगळे उठायच्या आत पाणी ठेवलं. नवा थर्मामीटर बुडवला. त्र्याण्णव. जुना बुडवला. त्र्याण्णव. दोघे जुळे भाऊ असल्यासारखे.

मग बर्फ आणला. चुरा करून ग्लासात भरला, दोघांना त्यात उभं केलं. शून्य. दोघांचंही टिच्चून शून्य.

म्हणजे थर्मामीटर खरे आहेत. मग खोटं कोण बोलतंय — पाणी?

बराच वेळ भांड्याकडे बघत बसलो. जावईबापू दात घासत आले, म्हणाले, "पाणी उतू जायचं नाही बाबा, दूध जातं." दुकानदाराची माफी मागायला हवी, हे तेवढं लक्षात आलं.

१६ मार्च, सोमवार

आज सोन्याचा दिवस. आणि तोंड लपवायचाही.

समोरच्या घरात वेधशाळेतल्या बाई राहतात. रोज तीनदा हवेचा दाब, वारा, पाऊस टिपतात. बोलक्या आहेत, पण प्रश्न विचारला की आधी स्वतःच चार प्रश्न विचारतात. मी म्हटलं, बाई, तुमच्या गावात पाणी त्र्याण्णवलाच का उकळतं? त्या हसल्या.

"काका, पाणी उकळतं म्हणजे काय होतं?"

"बुडबुडे येतात."

"त्या बुडबुड्यात काय असतं?"

"हवा."

"वाफ असते. पाण्याची स्वतःची वाफ. गार पाण्यातूनही ती थोडी थोडी निसटत असते, म्हणून तर दोरीवरचे कपडे वाळतात. त्या वाफेच्या जोराला बाष्पदाब म्हणतात. पाणी तापेल तसा तो वाढतो. पण वरून हवा दाबून बसलेली असते ना? ती काय करते?"

"बुडबुड्याला चेपते."

"बरोब्बर. वाफेचा जोर हवेच्या जोराच्या बरोबरीला आला, की मग हवेला तो चेपता येत नाही. बुडबुडा पाण्याच्या पोटातच फुगतो. त्याला उकळणं म्हणतात. आता सांगा, तुमच्या समुद्राकाठी हवेचा थर जाड का इथे?"

त्यांनी भिंतीवरचा दाबमापक दाखवला. "समुद्राकाठी साधारण हजार तेरा. इथे आज सातशे नव्वद. झाकण हलकं आहे काका. वाफेला कमी जोर पुरतो, म्हणून कमी तापलं तरी उकळतं."

माझ्या डोक्यात कुठेतरी कडी निघाल्यासारखं झालं. म्हटलं, मग पाक एकशे अठराला कसा उकळतो? त्यात पाणीच असतं की.

"साखरेमुळे पाण्याचा बाष्पदाब उतरतो. साखर जास्त, तर वाफ निसटायला जड. म्हणून आणखी तापवावं लागतं. तुमचं टॉफीचं मला काही माहीत नाही हां, पण तत्त्व हेच."

टॉफीचं मला माहीत आहे. घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर चित्र काढत बसलो. साखर पाण्याचा पदर धरून बसते, सोडत नाही. पाक जसा आटतो, तसं पाणी कमी, साखरेची पकड घट्ट, आणि उकळायला जास्त आच. म्हणजे आम्ही चौतीस वर्षं थर्मामीटरने मोजत काय होतो? गरमी नाही. पाकात पाणी किती उरलं, ते मोजत होतो! एकशे अठरा म्हणजे मऊपणापुरतं पाणी शिल्लक, थांबा.

पण ते समुद्राकाठच्या झाकणाखाली. इथल्या हलक्या झाकणाखाली तेवढंच पाणी उरतं तेव्हा काटा सात अंश खाली असतो. एकशे अकरावर. मी मात्र एकशे अठरापर्यंत ढवळायला लावत होतो, आणि टॉफीतला उरलासुरला ओलावा वाफ होऊन छताला लागत होता.

एकशे दहा-बारावर ठकू काय म्हणायची? "बाबा, काढू का?"

१७ मार्च, मंगळवार

मोजले. अठ्ठावीस घाणे.

तिला सांगायला हवं. सोपं वाक्य आहे. दोन शब्दांचं. पण तोंडात आलं की टॉफीसारखं दाताला चिकटतं. आयुष्यात कधी म्हटलंय का मी ते? कारखान्यात वेळ आली नाही. घरी वेळ यायची, पण ही माझ्या वतीने समजून घ्यायची.

आणि समजा माझाच तर्क चुकला तर? आधी खात्री करू. पुरावा हातात असला की बोलायला धीर येतो. (ही पळवाट आहे हे मला कळतंय. लिहून ठेवतो.)

१८ मार्च, बुधवार

जावईबापूंना गाठलं. म्हटलं, मला रोपवेच्या तिन्ही स्टेशनांवर पाणी उकळायचं आहे. त्यांनी एकदाही "का" विचारलं नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. सुट्टीचा दिवस माझ्यासाठी खर्ची घातला. विजेची किटली, थर्मामीटर आणि मी असे डब्यात बसलो. शेजारी एक जोडपं होतं. बाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "हे वर चहा विकतात का?"

आधी थेट खालच्या स्टेशनला गेलो. मोटारखोलीत किटली लावली. मेकॅनिक मंडळी भोवती जमली. सत्त्याण्णव. मग मधल्या स्टेशनला. पंच्याण्णवच्या किंचित वर. तिथला जाडा ऑपरेटर म्हणाला, "आजोबा, पाणी एकच, किटली एकच, आणि आकडा का वेगळा?" मी त्याला झाकणाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "म्हणजे माझी भाजी इथे शिजत नाही ती बायकोची चूक नाही?" जावईबापू म्हणाले, "घरी जाऊन कबूल कर आधी." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मलाच लागलं.

वरच्या स्टेशनला त्र्याण्णव.

घरी चालत येताना जावईबापू म्हणाले, "बाबा, ठकूला कधी सांगताय?"

"काय?"

"पाण्याचंच," ते म्हणाले. "मी मोटारीचा माणूस आहे, पण एवढं कळतं."

१९ मार्च, गुरुवार

नाही सांगितलं. ती नमुन्याच्या डब्याला मेणकागद लावत होती. रिकाम्या डब्याला.

२० मार्च, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी मागच्या खोलीत ती साखर मोजत होती. मी स्टुलावर बसलो नाही, उभाच राहिलो. म्हटलं, ठकू, माझं चुकलं.

ती साखर मोजतच राहिली. "काय चुकलं? चष्मा विसरलात?"

मग सगळं सांगितलं. त्र्याण्णव, दाबमापक, झाकण, किटली, एकशे अकरा. सांगता सांगता मी पाण्याकडे आणि वाफेकडेच जास्त वेळ राहिलो, कारण तिथे बोलायला बरं वाटत होतं. तिने मधेच थांबवलं.

"म्हणजे मी काढू का म्हणत होते तेव्हा काढायला हवा होता?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी. एखादा अंश इकडेतिकडे."

"अठ्ठावीस घाणे, बाबा." तिनेही मोजले होते. "अठ्ठावीस वेळा मी विचारलं. आणि तुम्ही म्हणालात, माझा हातच पाकाचा नाही."

मी म्हटलं, "म्हटलं खरं."

"मी खरं मानलं ते. तुम्ही म्हणालात म्हणून. मला वाटलं, चौतीस वर्षं बघितलेला माणूस सांगतोय तर असेल. शहरात खोली बघायला सांगून ठेवली मी मैत्रिणीला."

मी निळी वही पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली. म्हणाली, "वहीचं काय घेऊन बसलात? मला राग आलाय, तो येऊ द्या जरा." आणि चपला घालून बाहेर पडली.

दीड तासाने आली. नाक लाल. इथल्या वाऱ्याने असेल, नसेल. एप्रन बांधला, गॅस पेटवला आणि म्हणाली, "आता मी काढीन तेव्हा काढीन. तुम्ही फक्त आकडा टिपायचा. बोलायचं नाही."

"बरं."

"बरंसुद्धा म्हणायचं नाही."

तिने कढई उतरवली, तेव्हा मी टिपला — एकशे अकरा आणि अर्धा.

२१ मार्च, शनिवार

मऊ! बोटाने दाबली की दबते, सोडली की हळूच वर येते. दाताला चिकटत नाही, जिभेवर विरघळते. जावईबापूंनी चार खाल्ल्या आणि पाचव्या वेळी ठकूने हातावर फटका मारला. "आता ही कामावर न्यायची झाली तर पुरायची नाही," ते म्हणाले. ठकू हसली. खूप हसली. शेवटी स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसले.

मी एक डबी घेऊन थर्मामीटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी मला बघून काउंटरखाली काहीतरी लपवलं. मी डबी पुढे केली आणि म्हटलं, तुमचे थर्मामीटर सच्चे आहेत. तो म्हणाला, "आजोबा, मला माहीत होतं. पण तुम्ही बोलू दिलं नाहीत." या गावात सगळ्यांना माझ्याबद्दल हेच म्हणायचं आहे असं दिसतं.

आता शब्द सोपे झालेत. एकदा निघाला की मागचे आपोआप येतात.

२४ मार्च, मंगळवार

सकाळपासून ढग आणि वारा. वेधशाळेतल्या बाई रस्त्यातूनच ओरडून म्हणाल्या, "काका, दाब उतरलाय हां. तुमचं पाणी अर्धा अंश आधीच उकळेल." खरंच, साडेब्याण्णव!

म्हणून आम्ही नवा रिवाज घातला. रोज कामाला लागताना आधी साधं पाणी उकळायचं. ते ज्या आकड्याला उकळेल त्यात अठरा मिळवायचे. तो त्या दिवसाचा टॉफीचा आकडा. कडक गोळीला पन्नास मिळवायचे. मी हे म्हणत होतो तोवर ठकूने गार पाण्याची वाटी जवळ ओढली, पाकाचा थेंब टाकला, बोटाने गोळी वळली आणि कढई उतरवली. थर्मामीटर बघितला. बरोबर तिथेच.

म्हणजे ते म्हातारे उस्ताद कुठल्याही डोंगरावर चुकले नसते. बोट झाकणाला विचारत नाही, थेट टॉफीलाच विचारतं. मी त्यांना हसायचो. आता असते तर एखादी डबी नेऊन दिली असती.

ठकू म्हणाली, "तुमचा आकडा आणि माझं बोट, दोन्ही ठेवू. भांडण झालं तर बोटाचं ऐकायचं."

ही पोर आता मला शिकवते. छान शिकवते.

२६ मार्च, गुरुवार

नमुना देऊन आली. दुकानाच्या मॅनेजरने दोन खाल्ल्या, चांगल्या आहेत म्हणाला, रविवारपर्यंत कळवतो म्हणाला. ठकूने विचारलं, कोणी दुसऱ्यांनीही नमुना दिलाय का? तो म्हणाला, एका मोठ्या कंपनीने दिलाय, वेष्टनावर रोपवेचं चित्र छापून.

घरी येऊन मला हे सांगताना ती शेंगा सोलाव्यात तितक्या सहज सांगत होती. माझाच जीव टांगणीला. मी विचारलं, कचेरीचं काय? तर म्हणाली, "बघू हो बाबा. तुम्ही आधी चहा घ्या, निवतोय."

एकतीस तारखेला पाच दिवस उरले. मला जेवण गेलं नाही. ती दोनदा भात घेऊन बसली.

२८ मार्च, शनिवार

मी मनात जुळवून ठेवतोय. होकार नाही आला तर काय बोलायचं. मोठी कंपनी, चित्राचं वेष्टन, आपण कुठे पुरे पडणार. कचेरी काय वाईट आहे. मी इथे जावईबापूंच्या सोबतीला राहीन, तू महिन्यातून दोनदा ये. सगळं वहीत लिहूनही बघितलं. एकही वाक्य धड होईना. शेवटी खोडलं.

२९ मार्च, रविवार

ठकू दुकानातून आली. मी अंगणात होतो. "नाही म्हणाले," तिने सांगितलं. "कंपनीची घेताहेत."

मी तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "साखर संपत आलीय. उद्या दोन पोती लागतील. खालच्या बाजारात दोन दुकानं आहेत, आधी तिथे विचारते. मग शाळेपाशी."

"अगं पण कचेरीला कळवायचंय ना? परवा एकतीस."

"कळवलं की. येत नाही म्हणून पत्र टाकलं."

"कधी?"

"वीस तारखेला. तुम्ही चुकलं म्हणालात ना, त्याच सकाळी. बाहेर गेले होते ती पोस्टातच गेले होते."

तेव्हा माझ्या देखत एकही मऊ टॉफी झाली नव्हती. मी तारीख पुन्हा विचारली. तिने पुन्हा वीसच सांगितली.